पंधराची पाऊणपट

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आठच्या सुमारास पाचूबंदरच्या वाळूत मी तिपाई रोवली तेव्हा पाणी चांगलेच लांब होते. ओहोटीने मोकळा केलेला ओल्या वाळूचा पट्टा घट्ट आणि सपाट होता. तिपाईचे पाय रुतत नव्हते. मागे ओढून ठेवलेल्या होड्यांचा आडोसा, दक्षिणेकडचे आकाश उघडे. याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. लेन्सचे झाकण काढतोय तोच होडीच्या काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "ग्रहण किती वाजेपर्यंत?"

"दीडपर्यंत, काका."

"मग हे उचला इथून. आज पुनव. पंधराची पाऊणपट किती?"

मला आधी काही कळेना. मग मनातल्या मनात मांडले आणि म्हणालो, "सव्वाअकरा."

"सव्वाअकराला तुमच्या कॅमेऱ्यात मांदेली शिरतील."

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा हा जुना हिशेब. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्ष पाणी थोडे मागेपुढे होते, कारण चंद्र रोज पाऊण तासाने नव्हे, सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा येतो. पण होडी पाण्यात ढकलायची की थांबायचे, एवढे ठरवायला ही पाऊणपट पुरते. माझ्या खिशात त्या रात्री मिनिटामिनिटाचे वेळापत्रक होते. स्पर्श ९:५७, संमीलन ११:०१, मध्य ११:४२, उन्मीलन १२:२३, मोक्ष १:२७. ग्रहण पौर्णिमेलाच लागते हे मी शाळेपासून शिकत आलो, इतरांना शिकवत आलो. पौर्णिमेला समुद्राला उधाण येते हेही ठाऊक होते. त्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचे विसर्जन भरतीच्या पाण्यापायी अडले होते आणि ते व्हायला रात्र झाली. ते अडल्याचे बातम्यांत बघूनच मी घरून निघालो होतो. पण या दोन गोष्टी एकाच चंद्राच्या आहेत, आणि मी त्या चंद्राचा फोटो काढायला भरतीच्या वाटेत उभा आहे, हे डोक्यात आलेच नाही.

तिपाई उचलून वरच्या बंधाऱ्याजवळ नेली. अकरा वाजता मघाच्या जागी गुडघाभर पाणी होते.

ग्रहणांच्या फोटोंच्या या पुस्तिकेतली बहुतेक चित्रे पाचूबंदरच्या याच किनाऱ्यावरून काढलेली आहेत. वसईच्या किल्ल्याच्या शेजारी, उल्हास नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ही कोळ्यांची वस्ती. ख्रिस्ती कोळी आहेत, हिंदू कोळी आहेत. सुक्या दिवसांत बांबूच्या वलांडीवर बोंबील लोंबत असतात आणि कॅमेऱ्याच्या पिशवीला लागलेला तो वास पुढच्या ग्रहणापर्यंत जात नाही. फोटोच्या दृष्टीने जागा आदर्श म्हणता येणार नाही. दक्षिणेला भाईंदर आणि त्यापलीकडे मुंबईचा उजेड आकाशात चढतो, पूर्वेला वसई-विरारच्या इमारती, हवेत खार. पावसाळ्यातले ग्रहण असेल तर ढगांचे काय सांगावे. तरी मी पुन्हा पुन्हा इथे येतो, कारण इथल्या माणसांसाठी चंद्र ही पाहण्याची वस्तू नाही. डोलीचे जाळे खुंटांना बांधून ओढीच्या तोंडाशी लावलेले असते. पाणी जितके जोरात धावेल तितकी मासळी त्यात जास्त. म्हणून उधाणाचे दिवस कामाचे आणि भांगाचे दिवस जाळी दुरुस्तीचे. चंद्र कुठे आहे हे इथे पंचांगाआधी पाण्याला विचारतात. ग्रहणाचा फोटो काढायला निघालेल्याने वेळेचा हिशेब कसा ठेवावा, हे मी दुर्बिणीवाल्या मित्रांकडून जितके शिकलो तितकेच इथे शिकलो.

पंचांगातले ते पाच शब्द, स्पर्शापासून मोक्षापर्यंतचे, आधी नीट समजून घ्यावेत. फोटो काढणाऱ्याला त्याहून चांगली कार्यक्रमपत्रिका मिळणार नाही. स्पर्श म्हणजे पृथ्वीच्या दाट सावलीची कड चंद्राला लागते तो क्षण. संमीलन म्हणजे चंद्र पूर्ण झाकला जातो. मध्य म्हणजे सावलीत सर्वांत खोल. उन्मीलन म्हणजे पहिली कड पुन्हा उजळते. आणि मोक्ष म्हणजे चंद्र दाट सावलीतून पूर्ण सुटतो. स्पर्शाच्या आधी तासभर विरळ सावलीचा काळ असतो, त्यात डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. स्पर्शाला वीसएक मिनिटे उरली की चंद्राची एक बाजू किंचित मळकी वाटू लागते, इतकेच. नवशिके याच तासात दीडशे फोटो काढून बॅटरी अर्धी करतात. मीही केली आहे.

खरा पेच पुढे आहे. पूर्ण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. त्याला उन्हातलाच उजेड लागतो. संवेदनशीलता १००, छिद्र एफ ८, वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग, एवढ्यात तो नीट येतो. खग्रास झाल्यावर तोच चंद्र दहा हजारपट किंवा त्याहूनही मंद होतो. मी साधारण १६०० संवेदनशीलता, एफ ५.६ आणि एक सेकंद इथून सुरुवात करतो. म्हणजे तेरा पायऱ्या खाली उतरलो, आठ हजारपट उजेड जास्त घेतला. या तेरा पायऱ्या स्पर्श ते संमीलन या तासाभरात उतरायच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा शेवटच्या दहा मिनिटांत येतात. कॅमेरा स्वतःहून हे करत नाही. काळ्याभोर आकाशाची सरासरी काढून तो चंद्राला पांढरी टिकली करून टाकतो. म्हणून सगळे हातानेच लावायचे आणि एकेका स्थितीचे तीन-तीन फोटो घ्यायचे, एक उजळ, एक मधला, एक काळसर.

एक सेकंद म्हटले की दुसरी अडचण उभी राहते. आकाश फिरते आहे. चंद्र स्वतःच्या रुंदीइतका दोन मिनिटांत सरकतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचे बिंब पावणेतीन मिलिमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, आणि एका सेकंदात ते काही ठिपक्यांनी पुसट होते. दोन सेकंदांत डाग लांबट दिसतो. किनाऱ्यावर वारा असतो, तो वेगळाच. तिपाईच्या मधल्या दांड्याला मी पिशवी टांगतो, पण लोंबकळत ठेवत नाही, तिचे बूड वाळूला टेकवतो. नाहीतर पिशवीच झोका घेते आणि तिपाईही तिच्याबरोबर. बटण बोटाने दाबायचे नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. फोकस चंद्र पूर्ण असतानाच कडेवर आणि टायकोच्या विवरावर लावून चिकटपट्टीने रिंग बांधून टाकायची. लाल अंधारात पुन्हा फोकस शोधत बसलो तर बारा वाजून जातात. आणि दर अर्ध्या तासाने लेन्सवर टॉर्च मारून बघायचे. खाऱ्या हवेचा थर बसतो तो डोळ्यांना दिसत नाही. फोटोत मात्र चंद्राभोवती दुधाळ वलय येते आणि घरी आल्यावर आपण त्याला ढग समजतो.

फोनविषयी सगळे विचारतात, म्हणून दोन वाक्ये. फोन तिपाईवर बांधा, चंद्रावर बोट दाबून धरून उजेड खाली ओढा, स्पर्श ते संमीलन या टप्प्यांचे ठीक फोटो येतात. पण काही फोन चंद्र ओळखतात आणि त्याच्यावर आपल्या पोतडीतले डाग आणि विवरे चढवतात, तेव्हा फोनमधले चंद्र 'सुधारण्याचे' जे काही असेल ते आधी बंद करावे. ग्रहणात तर त्या रात्री जे खरे बिघडलेले आहे तेच आपल्याला हवे असते.

आता मला जे मुळात सांगायचे आहे ते. ग्रहणाच्या फोटोत आपण चंद्राचे चित्र काढत नसतो. चंद्राचे चित्र कोणत्याही पौर्णिमेला काढता येते आणि खरे म्हणजे पौर्णिमा सोडून अष्टमीला काढावे, विवरे जास्त खुलतात. ग्रहणात चंद्र हा पडदा असतो. चित्र असते पृथ्वीच्या सावलीचे, आणि ती सावली एवढ्या मोठ्या अंतरावर पडलेली दुसरीकडे कुठेच पाहायला मिळत नाही. हे एकदा मनात बसले की लाल चंद्राच्या एकाच फोटोचा हव्यास सुटतो आणि खंडग्रास टप्प्यांतली ती पुसट वक्र कड महत्त्वाची वाटू लागते.

घरी करून पाहण्याजोगी गोष्ट सांगतो. स्पर्शानंतर अर्ध्या तासाने काढलेला एक फोटो घ्या, मोक्षाकडे जाताना तितकीच कड झाकलेली असतानाचा दुसरा घ्या. दोन्ही सारख्याच आकारात छापा. चंद्रावर जी काळी कमान दिसते ती पेन्सिलने पुढे वाढवत न्या. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा कंपास हाताशी नव्हता. स्वयंपाकघरातून एक-एक भांडे आणून लावून पाहिले. वाटी लहान पडली, ताट फार मोठे झाले. चहाच्या डब्याचे झाकण कमानीवर बरोबर बसले. मग पट्टीने मोजले. झाकण चंद्राच्या अडीचपटीहून थोडे मोठे होते. ग्रंथ सांगतात तो आकडा २.६ ते २.७ च्या आसपास. पृथ्वी चंद्राच्या ३.६७ पट रुंद आहे. सावली सुळक्यासारखी निमुळती होत जाते आणि चंद्रापाशी पोचेपर्यंत साधारण एका चंद्राएवढी रुंदी गमावते. साडेतीनशे रुपयांच्या छपाईत आणि डब्याच्या झाकणात हे बसते. ग्रीकांनी याच कमानीवरून पृथ्वी गोल असल्याचे ताडले. आर्यभटाने ४९९ साली सांगून ठेवले की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होते. त्यानंतरही राहूचा कारभार आपल्याकडे चालू राहिला, पण गणित करणाऱ्यांनी सावलीच धरली. नाहीतर पंचांगातल्या वेळा जुळल्या नसत्या.

त्या गणित करणाऱ्यांपैकी एक आपल्याच किनाऱ्यावरचा. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांचा 'ग्रहलाघव' १५२० च्या सुमाराचा. त्याचे वैशिष्ट्य असे, की ज्या-कोज्यांची अवजड आकडेमोड टाळून साध्या गुणाकार-भागाकारांत ग्रहांची आणि ग्रहणांची गणिते बसवली. म्हणून पुढे कित्येक शतके पंचांगकर्त्यांनी तो हातचा सोडला नाही. नावातच लाघव आहे. त्यांनी समुद्राकाठी राहून तिथीची पाऊणपट ऐकली असणार असे मला उगीचच वाटते. याला पुरावा काही नाही, पण दोन्ही हिशेबांचा स्वभाव एक आहे: थोडी अचूकता सोडायची आणि तोंडी करता येईल असे गणित हाती घ्यायचे.

ग्रहणाच्या फोटोंचा महाराष्ट्रातला इतिहास मात्र सगळा सूर्याचा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला छावणी टाकून बसले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच. ब्रिटिश खगोलज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला उतरले होते. विजयदुर्गावर 'साहेबाचा ओटा' दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला असे सांगतात, ते मात्र खरे नाही. हेलियमची रेघ दिसली १८६८ साली, आणि त्या वर्षी लॉकयर इंग्लंडात होते. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी. चंद्रग्रहणाच्या वाट्याला अशा मोहिमा आल्या नाहीत, कारण त्यासाठी कुठे जावेच लागत नाही. अर्ध्या पृथ्वीला ते एकाच वेळी दिसते. गच्ची पुरते. पुण्यात १९४४ पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींनी चंद्रग्रहण गच्च्यागच्च्यांवर पोचवले. सूतकाच्या भीतीने दारे लावून बसणारी घरे कमी झाली ती बऱ्याच अंशी त्यामुळे.

पूर्ण संपली मात्र नाहीत. २८ ऑक्टोबर २०२३ ला कोजागरी होती आणि त्याच रात्री १:०५ ते २:२४ खंडग्रास ग्रहण. व्यासाचा आठवा हिस्साही झाकला जाणार नव्हता, पण आमच्याकडे दूध आटवायचे की नाही यावर दोन दिवस खल झाला. शेवटी वेध लागायच्या आत, उजेडातच दूध पिऊन झाले. चंद्र नंतर मी एकट्यानेच पाहिला. फोटोत तो कडेला दाताने चावा घेतलेल्या बत्ताशासारखा आला आहे. फोटो फारसा चांगला नाही, तरी पुस्तिकेत ठेवला आहे, कारण इतकी छोटी सावलीदेखील झाकण लावून मोजता येते.

३१ जानेवारी २०१८ च्या फोटोंबद्दल थोडे सांगायला हवे, कारण वाचक विचारतील की पहिला अर्धा तास कुठे गेला. त्या संध्याकाळी चंद्र उगवला तोच ग्रस्त. खग्रास ६:२१ ला सुरू झाले आणि ७:३७ पर्यंत होते, म्हणजे आमच्याकडे चंद्र क्षितिजावर आला तेव्हा आधीच पूर्ण झाकलेला. वर्तमानपत्रांनी लाल चंद्र उगवणार म्हणून सांगितले होते. बंदरावर माणसे जमली. सूर्य गेला, पूर्वेकडे तुंगारेश्वराच्या डोंगराच्या दिशेने सगळ्यांचे डोळे लागले आणि काहीच दिसेना. संधिप्रकाशात खग्रास चंद्र दिसतच नाही, तो आकाशाहून मंद असतो. होकायंत्र लावून मी नुसत्या करड्या आकाशाचे वीस फोटो काढले. पावणेसातनंतर कुणातरी लहान मुलाला तो आधी दिसला, झाडांच्या शेंड्यांवर, जुन्या तांब्याच्या पैशासारखा. पंधराची पाऊणपट इथेही लागू होती. संध्याकाळ म्हणजे ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या. त्या वेळी मला ते कळले नव्हते. सात वर्षांनी काकांनी सांगितल्यावर फोटो पुन्हा काढून पाहिले तेव्हा कळले, होड्या तशा का पडल्या आहेत ते.

रंगाबद्दल लोक भांडतात. कोणाचा चंद्र नारिंगी, कोणाचा विटकरी, आणि मग फोटोत हातचलाखी केल्याचा आरोप. सावलीत शिरलेल्या चंद्रावर सूर्याचा जो थोडा उजेड पोचतो तो पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून, गाळून येतो. निळा वाटेत विखुरतो, लाल पोचतो. हवेत धूळ आणि ज्वालामुखीची राख किती, यावर तो किती पोचणार हे ठरते. फ्रेंच खगोलज्ञ दांजों यांनी शून्य ते चार अशी मोजपट्टी दिली आहे. शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीसा, चार म्हणजे झळझळीत तांबडा. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा स्फोट झाला आणि डिसेंबर १९९२ चे ग्रहण विलक्षण काळे झाले. आपल्याकडे ते १० डिसेंबरच्या पहाटे होते. त्या पहाटे मुंबईच्या अनेक भागांत संचारबंदी होती, गच्चीवर जाऊन आकाश बघावे अशी ती वेळ नव्हती. माझ्याकडे त्या ग्रहणाचा एकही फोटो नाही. रंगावरून भांडण नको असेल तर कॅमेऱ्याचा रंग 'दिवसाचा उजेड' यावर पक्का ठेवा. आपोआप ठेवलात तर कॅमेरा लाल धुऊन काढतो आणि दोन ग्रहणांची तुलनाच करता येत नाही. संमीलनाच्या आधी दोन-चार मिनिटे सावलीच्या कडेला फिकट निळसर झाक दिसते. ती ओझोनच्या थराची करणी. २०२५ च्या ग्रहणाच्या रात्री माझ्याकडे तिचा एकच फोटो आला, कारण नेमका तेव्हाच ढग आला.

त्या रात्री ढग बाराच्या सुमारास फाटले. उधाणाचे पाणी बंधाऱ्याखाली आपटत होते, मघाचे काका घरी जाऊन परत आले होते, सोबत नातू. मधला काळ. चंद्र राखेतल्या जळत्या कोळशासारखा दिसत होता आणि त्याच्या डावीकडे शनी. पौर्णिमेच्या रात्री इतक्या चांदण्या मी तिथे कधी पाहिल्या नव्हत्या. मुंबईच्या उजेडातूनही त्या आल्या. खग्रास काळ ८२ मिनिटांचा होता, मला निरभ्र अशी पंचवीस मिळाली. नातवाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्र पाहिला आणि विचारले की ही सावली होडीचीसुद्धा आहे का. पृथ्वीच्या सावलीत पाचूबंदरची होडी धरायची म्हटली तर धरता येईल, पण दिसणार नाही, असे काहीतरी मी म्हणालो. त्याला ते पटले नाही.

पुढची तयारी आता करून ठेवायला हरकत नाही. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणाला आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण जवळपास सुटलेले, त्याचा हिशेब धरू नये. चांगले ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ चे. खग्रास रात्री पावणेदहा ते अकरा, आकाश कोरडे, चंद्र उंच. मोक्ष मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे नेमके फटाके सुटतील तेव्हा. धुराची सोय वेगळी करावी लागणार नाही. माझे मन मात्र त्याच्या पुढच्या ग्रहणावर आहे, २१ डिसेंबर २०२९ च्या पहाटेच्या. मध्य सव्वाचारच्या आसपास, चंद्र पश्चिमेकडे कललेला, समुद्राच्या बाजूला. इतकी वर्षे या किनाऱ्यावर येऊन मला समुद्रावरचा ग्रस्त चंद्र अजून मिळालेला नाही. सव्वाअकराची भरती धरली तर त्या वेळी पाणी बरेच खाली गेलेले असेल, होड्या चिखलात कलंडलेल्या असतील आणि तिपाई खाली, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत नेता येईल. सहाच्या आत मात्र ती उचलायची. त्यानंतर पाणी फिरते.